तीन नंबरचा हार

सोम. २ फेब्रु.
आजही तेच. सकाळची पाळी लागली नि चार, पाच, सहा नंबरच्या पॉवर प्रेस ठप्प. मेंटेनन्सला मी एकटी. एकेक रीसेट करत फिरले. केबल तपासल्या, कनेक्टर बदलले, काही नाही. साहेब म्हणे, "वायर का नाटक छोड़ो. जो बंद करता है उसका नाम दो, निकाल दूँगा." शनिवारपर्यंत मुदत. वाकून वाकून कंबरेचा भुगा.

बुध. ४
सापडलं. सापडलं नसतं तर बरं. पाळीच्या वेळी तिथेच उभी राहिले. तीन नंबरवरचे हरेश्वरकाका, तारोडीचे कोळी. आले, प्रेस मेन स्विचवरून बंद केली, झेंडूचा हार घातला, हात जोडले, पुन्हा चालू. सगळ्या प्रेस एका माळेत जोडल्यात. पॅनलचा निरोप एकीतून दुसरीत जातो. तीन झोपली की पुढच्या बहिऱ्या.
"काका, चालू ठेवून करा ना."
"इंजिन चालू ठेवून होडीला नारळ देतंत काय? न्हाय. हिनं दोघांची बोटं खाल्लीत, मॅडम. हात जोडताना तरी गप पायजे."
नाव देणार नाही. मरू दे.

शनि. ७
पाळी लागायच्या आधीच सहा नंबरपासून पॅनलपर्यंत परतीची केबल ओढली, सेटिंग केलं. माळेची रिंग झाली. आता एक बंद पडली तरी निरोप उलट्या बाजूनं पोचतो. काकांचा हार झाला, बाकीच्या धडधडत होत्या. साहेबांना सांगितलं, "वायरिंग ही था, सर." अगदीच खोटं नाही. शांती नगरला घरी पोचले, चप्पल न काढताच बसून राहिले.

सोम. ९
चार नंबर ठप्प. फक्त चार.
पाचवरच्या यादवजींनीही प्रेस बंद करून उदबत्ती लावली. काकांच्याच वेळेला. "अब तो किसी का कुछ रुकता नहीं, मैडम. मेरी भी तो लक्ष्मी है." दोन्हीकडची वाट बंद, मधली चार एकटी पडली. रिंग एकच तुटणं सोसते. कुठे कुठे पुरे पडू?
साहेब येईपर्यंत तीन आणि पाच चालू झालेल्या. स्क्रीनवर लाल एकच.
"चार पे कौन है?"
चारवर लताताई. पूजा नाही, काही नाही, आल्या आल्या कामाला लागते.
"मी काय केलं गं?" हळूच तिनं मलाच विचारलं.
काका पलीकडे हार सरळ करत होते. मी रीसेटचं बटण दाबून धरलं. साहेब अजून उभेच, नाव ऐकायला.