मागच्या रांगेतला चौथा

मी, खाली सही करणारा, वय वर्षे बहात्तर, धंदा फोटोग्राफी, कॉलेजच्या फाटकासमोरच्या गल्लीत 'फोटोवाले काका' म्हणून ओळखला जाणारा, लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे, डोळा मात्र एकच चालतो. हा मजकूर मी कोणाच्या धाकाने किंवा लाडीगोडीने लिहिलेला नाही. सर्दी सोडल्यास आज मला कसलाही आजार नाही. याआधी मी असाच एक कागद केला होता, तो रद्द समजावा. त्यात मी सगळा स्टुडिओ मुलाला दिला होता आणि ती माझी चूक होती.

कलम एक. माझी पत्नी हयात नाही. मला दोन मुले. थोरला मुलगा, वय एकोणचाळीस, माझ्याबरोबर स्टुडिओत असतो. धाकटी मुलगी, वय सदतीस, दुसऱ्या गावी कॉलेजात शिकवते. दुसरा कोणी वारस म्हणून पुढे आला तर तो माझा मेहुणा असेल. त्याला काही देऊ नये. माझी लांब शिडी त्याच्याकडे चौदा वर्षे आहे, तेवढे पुरे.

कलम दोन. स्टुडिओवरच्या दोन राहत्या खोल्या दोघांना निम्म्या निम्म्या. स्वयंपाकघराची खिडकी अडकते, ती खालून ढकलावी लागते. पत्नीची लोखंडी पेटी मुलीची. बँकेत जे काही शिल्लक असेल ते दोघांनी वाटून घ्यावे, त्यावरून भांडण्याइतके ते नाही.

कलम तीन. स्टुडिओ, म्हणजे तळमजल्याची खोली, डार्करूम आणि पाटी, मी माझ्या मुलाला देत नाही. वाचताना तो इथे थांबेल, म्हणून पुन्हा लिहितो: देत नाही. तो मी मुलीच्या नावे करतो. मी गेल्यावर तीन महिन्यांच्या आत तिने तो विकावा आणि आलेली सगळी रक्कम भावाच्या हाती द्यावी. पाटी त्याला उतरवू देऊ नये. उतरवता उतरवता तो ती पुसेल आणि परत लावेल. मी त्याला ओळखतो.

याचे कारण सांगणे भाग आहे. मुले शाळेत होती तेव्हाच मी वाटणी करून टाकली होती. कागद नव्हता, जेवताना तोंडी. दुकान मुलाला, शिक्षण मुलीला. मला वाटे, याहून सरळ वाटणी कोणता वकील करील? मुलीला दुकान मिळणार नाही, तर तिच्या हातात निदान पदवी असावी. मुलाला काय, सगळे आयते आहे. पत्नी एकदाच म्हणाली, "अहो, त्यालाही विचारा की." मी म्हणालो, "त्याला काय विचारायचं? त्याचं तर ठरलेलंच आहे." तिने मान खाली घातली आणि भाजी निवडू लागली. तिची ती खाली गेलेली मान मला अजून दिसते.

माझ्यासारखे शहाणे बाप गल्लीत पुष्कळ होते. गॅरेजवाल्याचा मुलगा गॅरेजात, टेम्पोवाल्याचा टेम्पोवर, आणि दोघांच्या मुली समोरच्या फाटकातून आत. ज्याच्या बापाकडे काहीच नव्हते तो सतराव्या वर्षी पार्सले पोचवायला लागे. त्याचा पहिला पगार घरी आला की कॉलेजचे नाव काढायला कोणाची जीभ रेटणार? पोरगा शिकायचा राहिला, असे कोणी म्हणत नसे. पोरगा कामाला लागला, असे म्हणत आणि पाठ थोपटत. मीही पुष्कळांच्या पाठी थोपटल्या आहेत.

कलम चार. भिंतीवरचे वर्गांचे फोटो कॉलेजला द्यावेत. एकतीस वर्षे ते मी काढले. मुली पुढे खुर्च्यांवर, मुले मागे बाकांवर उभी. माझ्या जुन्या कॅमेऱ्याच्या दुधी काचेवर सगळे उलटे दिसे, त्यामुळे मागची रांग तळाशी येई. डोक्यावर काळे कापड घेऊन वाकलो की आधी तीच नजरेला पडे. दर वर्षी ती विरळ होत गेली. एका वर्गात पहिल्या वर्षी सतरा मुलगे होते, तिसऱ्या वर्षी नऊ. मधले आठ कुठे गेले, हे मी विचारले नाही. पुढे तेच मला भेटू लागले. पेट्रोल पंपावर नळी धरलेला एक जण म्हणाला, "काका, ओळखलंत का? पहिल्या वर्षी तुमच्या फोटोत होतो." मी ओळखले होते. चेहरा विसरणे माझ्या धंद्यात बसत नाही. आता भर दुपारी कॉलेजच्या मैदानावरून जातो तेव्हा भिंतीशी ठेवलेल्या रिकाम्या बाकांवर ते आठही उभे असतात, शेजाऱ्याला कोपर मारत, 'हलू नका' म्हणायची वाट बघत. मी मान फिरवून निघून येतो.

कलम पाच. स्टुडिओचा कोट. ओळखपत्राच्या फोटोसाठी येणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावर तो चढलेला आहे, मागून चिमटे लावून. तो कोणालाही देऊ नये. जाळावा.

मुलीच्या कॉलेजच्या पहिल्या वर्षी फोटोच्या दिवशी मागच्या रांगेत एक जागा उघडी पडली होती आणि सगळा फोटो एका बाजूला कललेला दिसत होता. माझा मुलगा तेव्हा वीस वर्षांचा. सामान उचलायला बरोबर आला होता. मी त्याला तो कोट चढवला आणि म्हणालो, "जा रे, डावीकडून चौथा उभा राहा." त्याने हातातला कागद कोटाच्या वरच्या खिशात सारला आणि जाऊन उभा राहिला. फोटो झकास आला. मग दर वर्षीचा तो परिपाठच झाला. सात वर्षे तो सात वर्गांत उभा राहिला. आठव्या वर्षी म्हणाला, "बाबा, आता पुरे. पोरी मला सर समजून नमस्कार करतात." आम्ही दोघे पोट धरून हसलो. त्याचे हसू माझ्या आधी थांबले.

गेल्या वर्षी मुलीच्या वर्गाच्या मैत्रिणी जमल्या होत्या. त्यांनी पहिल्या वर्षाचा तो फोटो बघायला बाहेर काढला. एकीने विचारले, "मागे चौथा कोण गं? असा कोणी आपल्या वर्गात नव्हता." दुसरी म्हणाली, "होता बहुतेक. मध्येच सोडून गेला असेल, तेव्हा बरेच जण जायचे." मुलगी तिथून थेट माझ्याकडे आली. चप्पलसुद्धा काढली नाही. म्हणाली, "बाबा, तुम्ही त्याला सात वर्षं उभं केलंत. एक दिवस वर्गात बसू दिलं नाहीत." मी म्हणालो, "त्यानं कधी मागितलं?" तेव्हा मला खरेच तसे वाटत होते.

कलम सहा. या कागदासाठी सामानाची यादी करताना डार्करूमच्या फळीवर फोटोच्या कागदाचा एक जुना खोका सापडला. त्यावर मुलाच्या अक्षरात लिहिले होते, 'उजेडात उघडू नये.' आमच्या घरात अशा खोक्याला कोणी हात लावत नाही. एकोणीस वर्षे कोणी लावला नाही. आतला कागद आता वाया गेलेलाच असणार म्हणून मी खिडकीशी नेऊन उघडला. आत कॉलेजच्या प्रवेशाचा अर्ज होता, चार घड्या घातलेला. सुवाच्य अक्षरात भरलेला, त्याने स्वतःच काढलेला फोटो चिकटवलेला. विषय: इतिहास. मला माहीत नव्हते की त्याला इतिहास आवडतो. सगळे रकाने भरलेले होते, फक्त पालकाच्या सहीची जागा मोकळी. तारीख त्या पहिल्या फोटोच्या सकाळची.

मग मला ती सकाळ आठवली. तो दारात उभा राहून म्हणाला होता, "बाबा, एक सही हवी होती." मी म्हणालो, "आधी कॅमेरा उचल, उशीर होतोय." एवढेच. पुन्हा त्याने विचारले नाही, मीही नाही.

मी त्या फोटोची निगेटिव्ह शोधून भिंगाखाली धरली. कोटाच्या वरच्या खिशातून घडी केलेल्या कागदाचा कोपरा बाहेर आला आहे. मात्र भिंतीवरच्या फोटोत तो नाही. कारण तो मी काढून टाकला. पांढरा ठिपका डोळ्यात खुपतो म्हणून काळ्या शाईचा बारीक ब्रश घेऊन मी स्वतः तो कोपरा बुजवला, कडेने फुंकर घालत, हात जराही न थरथरता. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत सफाईदार काम आहे. जवळून पाहिले तरी कोणाला कळत नाही.

त्या दिवसापासून मला भिंतीकडे बघवत नाही. सात फोटोंतून तो माझ्याकडे बघतो, आणि आठवा तो स्वतः, समोरच्या स्टुलावर गिऱ्हाइकाची वाट पाहत. मी त्याला अजून काही बोललो नाही. समोर बसून सांगण्याची माझी छाती होत नाही, म्हणून हे कलम आहे. पोरा, माझे चुकले.

ती निगेटिव्ह मुलीने ताब्यात घ्यावी. तिच्यावरून एक नवा फोटो काढून घ्यावा आणि त्यावर कोणालाही ब्रश लावू देऊ नये. तो फोटो मुलाला द्यावा. हे झाल्याशिवाय कॉलेजला बाकीचे फोटो देऊ नयेत.

कलम सात. स्टुडिओच्या रकमेला मी कसलीही अट घालत नाही. त्याने शिकावे असे मी लिहिणार होतो, लिहून खोडले. पुन्हा मीच ठरवले असते. त्याला तीच रक्कम देऊन स्टुडिओ परत घ्यायचा असेल तर घेऊ द्यावा. त्याला विचारावे.

वरील मजकूर मी साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवला. कलम सहाला औषधवाल्यांनी चष्मा पुसला. कारकुनांनी अर्ज हातात घेऊन पाहिला आणि सांगितले की तो नमुना कधीच बंद झाला, आता नवा भरावा लागेल. वयाची अट नाही. पालकाची सहीही आता लागत नाही.

साक्षीदार:
एक. शेजारच्या औषधांच्या दुकानाचे मालक. (सही)
दोन. कॉलेजच्या प्रवेश खिडकीचे निवृत्त कारकून. (सही)

ठिकाण: स्टुडिओ, खिडकीजवळचे टेबल.
दिनांक: सोबतच्या अर्जावर आज सहीखाली घातला आहे तोच.

लिहून ठेवणार: फोटोवाले काका. (सही)

सोबत: प्रवेश अर्ज, एक.
विद्यार्थ्याची सही: आहे.
पालकाची सही: केली.