सरावाची मुलाखत

प्रिय दादा,

पाकीट हातात आल्यावर आधी तू ते उलटंसुलटं करून बघशील, कारण आपल्या घरी पत्र आलं की एकतर कुणीतरी गेलेलं असायचं किंवा विम्याचा हप्ता तरी थकलेला असायचा. यातलं काही नाही. मी धडधाकट आहे. पण अकरा दिवस झाले, तू माझा फोन उचलत नाहीस, आणि वहिनीला लावला की ती सांगते, ते बाहेर गेलेत. शिकवण्या बंद, गाडी बंद, आणि तू सकाळ-दुपार-संध्याकाळ बाहेर कुठे जातोस, हे मी विचारत नाही आणि तीही सांगत नाही. बिचारीला खोटं बोलायची सवय नाही. तिसऱ्या दिवसापासून तर माझा आवाज ऐकला की मी विचारायच्या आतच सांगून मोकळी होते. म्हणून म्हटलं, लिहावं. हे तू फोडलं नाहीस तरी ती फोडेल, एवढा मला तिच्यावर भरवसा आहे.

माझं इथलं तसंच चाललंय. दोन खोल्या, एक खिडकी, एक कुंडी. हे गेल्याला आता चार वर्षं होतील, पण त्यांच्या बाजूचा पलंग मी अजून वापरत नाही. त्यावर हल्ली कंपनीचा लॅपटॉप आणि कानाला लावायचं ते यंत्र असतं. साथ आल्यावर आमचं कार्यालय बंद झालं आणि एक माणूस हे सगळं खोक्यात घालून दाराबाहेर ठेवून गेला. तेव्हापासून सकाळी दहाला मी पलंगाच्या कडेवर बसते आणि संध्याकाळी सहापर्यंत अनोळखी लोकांना प्रश्न विचारते. तू मला लहानपणापासून टकळी म्हणत आलास. तुझ्या टकळीला बोलण्याचा पगार मिळतो, फक्त त्यातलं एकही वाक्य तिचं स्वतःचं नसतं. शनिवार-रविवार आला की मला आठवून बघावं लागतं, शुक्रवारनंतर आपण मोठ्याने काही बोललो का. परवा दूधवाल्याला मी 'आपला अमूल्य वेळ दिल्याबद्दल आभारी आहोत' म्हणाले. तो मागे वळून वळून बघत जिना उतरला.

या खेपेची पाहणी सरकारच्या मदतीबद्दल होती. ज्यांची कामं बंद पडली त्यांना सरकार जे पैसे देतंय, ते द्यावेत का, कुणाला द्यावेत, किती दिवस द्यावेत, आणि घेणाऱ्यांबद्दल तुम्हाला काय वाटतं. सव्वीस प्रश्न. दादा, मी तुला काय सांगू, दोन महिन्यांत मी जेवढी माणसं ऐकली तेवढी आयुष्यात ऐकली नव्हती. मदत द्यायला हवी, असं जवळजवळ सगळेच म्हणतात. पण खऱ्या गरजूंना, हेही सगळेच म्हणतात, आणि 'खऱ्या' वर असा जोर देतात की माझा कान दुखतो. तुम्ही गरजू आहात का विचारलं की, आम्ही कसले, आमचं चाललंय. एका केस कापणाऱ्याचं दुकान पाच महिने बंद होतं, तोही म्हणाला आमचं चाललंय. मागून त्याची बायको म्हणाली, काय चाललंय ते सांगा ना बाईंना. त्याने फोनवर हात ठेवला, पण हाताने कधी फोन बंद होतो का. एक निवृत्त मास्तर म्हणाले, आयुष्यभर कर भरला, माझा हक्कच आहे तो, मी घेतले. आणि मग आवाज बारीक करून विचारलं, हे माझ्या मुलाला कळणार नाही ना. गरज नसताना मदत घेणारा एक तरी माणूस प्रत्येकाच्या ओळखीचा आहे. बहुतेक वेळा तो समोरच्याच दारात राहतो.

एक म्हातारी बाई प्रत्येक प्रश्नाला म्हणायची, परत सांगा. मला वाटलं ऐकू कमी येतं. नवव्या प्रश्नाला लक्षात आलं की तिला स्वच्छ ऐकू येतंय, तिला फक्त फोन ठेवायचा नाहीये. मी तिला प्रत्येक प्रश्न तीन-तीनदा वाचून दाखवला. तेवढं नियमात बसतं.

आमचे नियम तुला माहीत नाहीत, आणि ते सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही. प्रश्न जसा लिहिलाय तसाच वाचायचा, एक शब्द इकडचा तिकडे नाही. उत्तर आलं की त्याचा आकडा दाबायचा आणि पुढचा प्रश्न वाचायचा. मध्ये 'अरेरे' नाही, 'हो का' नाही, 'छान' तर नाहीच. समोरचा अडखळला तर एकच वाक्य म्हणायची परवानगी आहे, 'आपल्याला जे योग्य वाटेल ते सांगा.' कारण आपण हळहळलो की माणूस जास्त रडगाणं गातो आणि आपण कौतुक केलं की जास्त फुशारकी मारतो, असं आमच्या पर्यवेक्षक बाई सांगतात. त्या मधूनमधून चोरून ऐकतात. पहिल्या वर्षी मला तीनदा ताकीद मिळाली. आता मी कंपनीतली सगळ्यात चांगली मुलाखतकार आहे. मला तसं पत्र मिळालंय.

आता खिडकीचं. माझ्या खिडकीखाली समोरच्या बाजूला विभाग कार्यालय आहे, तू मागे आलास तेव्हा तिथे गाडी लावली होतीस. मदतीचे अर्ज तिथेच घ्यायला लागले. सकाळी सातपासून रांग, पार कोपऱ्यावरच्या चाव्या बनवणाऱ्यापर्यंत. मला ती रांग बघून राग यायचा. का यायचा, हे मी बरेच दिवस तपासलं नाही. माझा पगार चालू होता, मला काही कमी नव्हतं. पण त्या रांगेत माणसं एकमेकांशी बोलायची, हसायची, एकमेकांची जागा धरायची, आणि मी वरून एकटी बघायची. मला वाटतं तेच कारण होतं, दुसरं काही नाही. चांगल्या घरातल्या बायका, इस्त्रीचे शर्ट घातलेले पुरुष. मी मनात म्हणायची, यांना काय धाड भरलीय.

आणि त्याच दिवसांत एकदा तुझा फोन आला होता. तू स्वतःहून केलेला. इकडचं तिकडचं बोलून तू म्हणालास, तुला एक विचारायचं होतं, तुमच्या इथे ते अर्ज कसे काय, आणि मी तुझं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. टकळी सुरू झाली. मी म्हणाले, विचारू नकोस, सगळे फुकटे रांगेला लागलेत, माझ्या खिडकीतून दिसतात ना. तू हसलास. मग म्हणालास, बरं, ठेवतो. मीही ठेवला आणि चहा टाकला.

'फुकट' हा शब्द तुला कधीच सहन झालेला नाही, हे मला ठाऊक असायला हवं होतं. तुझ्या ड्रायव्हिंग स्कूलची पाटी रंगवली तेव्हा मी तिथेच होते. पेंटरने लिहिलं होतं, नापास झाल्यास पुन्हा शिकवणी फुकट. तू त्याला ती अक्षरं खरवडायला लावलीस आणि 'मोफत' लिहून घेतलंस. तो वैतागून म्हणाला, साहेब, एकच ना दोन्ही. तू म्हणालास, एक नाही, मोफत आपण देतो आणि फुकट समोरचा घेतो. माझ्या विद्यार्थ्याला मी तसं म्हणणार नाही. मीच सहा वेळा नापास झाले. सहाही वेळा तू मला परत शिकवलंस, आणि शेवटी तूच हात जोडलेस की बाई, तू बसनेच जात जा.

तर, पाहणी सुरू व्हायच्या आधी आम्हाला एक सरावाची मुलाखत घ्यावी लागते. ओळखीच्या कुणाला तरी फोन करायचा आणि सव्वीसच्या सव्वीस प्रश्न नियमाप्रमाणे विचारायचे. बाकीच्या बायकांनी नवऱ्याला, जावेला, मैत्रिणीला केला. मी माझ्या फोनमधली नावं वर-खाली केली. गॅसवाला, डॉक्टर, पर्यवेक्षक बाई आणि तू. या खेपेला पाहणी शेवटच्या टप्प्यात आल्यावर प्रश्न थोडे बदलले, म्हणून सराव पुन्हा करायचा होता. तो मी अकरा दिवसांपूर्वी तुला फोन लावून केला.

सुरुवातीला तू किती मजेत होतास. मी 'आपण' म्हणाले तर तू मला मॅडम म्हणायला लागलास. वय विचारलं तर म्हणालास, माझ्या बहिणीपेक्षा मी पाच वर्षांनी लहान दिसतो, तसं लिहा. व्यवसाय विचारला तर म्हणालास, लोकांना धडकण्यापासून वाचवतो. मी हसले नाही, नियम म्हणून. ओठ चावून बसले होते. मग घरातली एखादी वस्तू विकावी लागली का, हा प्रश्न आला आणि तू म्हणालास, हो. मी आकडा दाबला. मला वाटलं जुना टीव्ही वगैरे असेल. आणि त्याच्या पुढचा प्रश्न होता, गेल्या तीन महिन्यांत पैशांअभावी आपल्या घरात कुणाला जेवण टाळावे लागले का. तू अडखळलास. मी नियमातलं वाक्य म्हणाले, आपल्याला जे योग्य वाटेल ते सांगा. तू म्हणालास, हो. मी विचारलं, एकदा, कधीतरी की बरेचदा. तू म्हणालास, बरेचदा.

आणि मी दादा, मी तीन आकडा दाबला आणि पुढचा प्रश्न वाचला.

मी कसं केलं हे मला सांगता येत नाही. इतकी वर्षं जीभ तशीच वळलेली, ती त्याच चाकोरीतून पुढे गेली. मदतीसाठी अर्ज केला का. नाही. का केला नाही, माहिती नव्हती, कागदपत्रे नव्हती, गरज वाटली नाही की इतर. तू म्हणालास, इतर. 'इतर' आलं की माणसाचे शब्द जसेच्या तसे टाइप करायचे असतात. तू सावकाश सांगितलंस, माझी धाकटी बहीण म्हणते, सगळे फुकटे रांगेला लागलेत. आणि मी ते टाइप केलं. मात्रा-वेलांटीसकट. आणि उरलेले प्रश्न विचारले, आणि तुझ्या अमूल्य वेळाबद्दल आभार मानले. तू म्हणालास, बरंय मॅडम. त्यानंतर तुझा आवाज मी ऐकलेला नाही.

सरावाची मुलाखत आकडेवारीत धरत नाहीत, ती नंतर पुसून टाकतात. म्हणजे आमच्या अहवालात जेवण टाळणारे म्हणून जे काही टक्के लोक येतील, त्यांत तू नाहीस. वहिनी नाही. तुमची मोठी नाही आणि धाकटीही नाही. ती चार माणसं फक्त मला माहीत आहेत. मला आता जेवताना ती दिसतात. काल मी भात वाढून घेतला आणि तसाच झाकून ठेवला. याचा तुम्हाला काडीचा उपयोग नाही, हे मला कळतं. मला लाज वाटते दादा. दुसरा शब्द मी शोधला, तो सापडला नाही.

हे सगळं माफी मागायला लिहिलं असं तुला वाटेल. माफी मागतेच, पण पत्र त्यासाठी नाही. गेल्या शुक्रवारी पाहणी संपली आणि पुढचं काम कधी निघेल ते कंपनीला ठाऊक नाही, म्हणून पगारही थांबला. सोमवारी सकाळी सात वाजता मी खाली उतरले आणि त्या रांगेत उभी राहिले. चाव्यावाल्याच्याही पुढे वळणावर जागा मिळाली. चौथ्या मजल्यावरच्या बाईंनी मला त्यांच्या खिडकीतून बघितलं आणि मी त्यांना हात केला. माझ्या पुढच्या माणसाने माझी जागा धरून ठेवली, म्हणून मी मध्ये जाऊन पाणी पिऊन आले. टेबलावरच्या कारकुनाने मान वर न करता विचारलं, काय काम बंद पडलं. मी सांगितलं, त्याने लिहिलं, झालं. एवढंच होतं ते. काल यादी लागली, माझं नाव त्यात आहे, बाहेरच्या काचेवर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं. तुमच्या गावच्या कार्यालयात महिनाअखेरपर्यंत अर्ज घेतात, ते मी फोन करून विचारून घेतलं. बस सुरू झाल्यात. मी गुरुवारी सकाळी नऊपर्यंत तुमच्याकडे पोचते, पाचजणांचं जेवण घेऊन. आधी सगळे बसून जेवू आणि मग आपण दोघं त्या रांगेत जाऊ. तिथे तुझ्या शेजारी मी उभी असेन, तुझी सख्खी बहीण, आणि ज्याला बघायचं असेल त्याने बघावं. तुला नको म्हणायचं असेल तर म्हण, पण दार उघडून, माझ्या तोंडावर म्हण. या वेळी मी तुझं वाक्य पुरं ऐकेन.

तुझीच,
टकळी