पालथा कागद

८ फेब्रुवारी

ती. काकास सा. न. वि. वि.

माझं पत्र पाहून भुवया वर गेल्या असतील, तर खाली घे. फोनवर तू दोनदा बरं बरं म्हणतोस आणि फोन काकूच्या हातात देतोस. कागदाला तरी तुला नीट उत्तर द्यावं लागेल.

मी इलेक्ट्रिक गिटार घ्यायचं ठरवलंय. तू दिलेली जुनी लाकडी गिटार अजून गोड बोलते, पण बाराव्या पट्टीच्या पुढे गेलं की तिचा खांदा हाताला आडवा येतो. मला एका खांद्याला खाच असलेली हवी आहे, म्हणजे हात थेट वरच्या सुरांपर्यंत जाईल. तुझ्या हत्यारांच्या पेटीच्या झाकणाला आतून जिचं चित्र चिकटवलंय, अगदी तशी.

आमच्या दातांच्या लॅबच्या मागच्या गल्लीत गिटारींचं एक दुकान आहे. दिवसभर कवळ्या घासून झाल्या की मी तिथे जाते. दुकानदार कधी हसत नाही, पण हात लावू देतो. तीन गिटारींवर जीव अडकलाय आणि तिघींना मी नावं दिली आहेत. पहिली जाडी. पोट फुगीर, मान डिंकाने चिकटवलेली, आवाज भरदार. पण अर्ध्या तासात खांदा उतरतो. दुसरी फळी. नावाप्रमाणे सपाट, मान चार स्क्रूंनी जोडलेली, आवाज स्पष्ट आणि जरा फटकळ, आपल्या आत्यासारखा. तिसरी पोकळ. आतून रिकामी, वजनाला फूल, पण अँपचा, म्हणजे अँप्लिफायरचा, आवाज वाढवला की किंचाळते.

काका, एक गोष्ट स्पष्टच लिहिते. सुतारकाम करताना रंध्याच्या मशीनने तुझ्या डाव्या हाताच्या दोन बोटांची पेरं नेली त्याला दोन वर्षं झाली. त्या दिवसापासून तू गिटारीचं नाव काढलेलं नाहीस आणि मला त्याचा फार त्रास होतो. नऊ वर्षांची असताना मी तुझ्यासमोर बसून तुझं बघून सगळं उलटं धरायचे, म्हणून तू मला ओढून शेजारी बसवायचास. तेव्हाची माझी सगळी अक्कल तुझीच आहे. तू वाजवू नकोस हवं तर, पण सल्ला तरी दे.

लोभ आहेच, तो वाढव आणि उत्तर लांबवू नकोस.

तुझी,
टिटवी

१६ फेब्रुवारी

चि. टिटवीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तू लहानपणी बोलायचीस तशीच लिहितेस, मध्ये श्वास घेत नाहीस. मला गिटारीतलं आता काही विचारू नकोस. ते दुकान मी बंद केलं. लाकडातलं विचार, सांगतो.

डिंकाचा जोड नीट बसला तर जन्मभर हलत नाही, पण बिघडला तर दुरुस्ती करणाऱ्याच्या नाकी नऊ येतात. स्क्रूचा जोड दिसायला गावंढळ, पण उघडता येतो आणि मला उघडता येणाऱ्या वस्तू आवडतात. पोकळ लाकडाचं तूच लिहिलं आहेस, ते किंचाळतं. किंचाळायला तू एकटी पुरेशी आहेस.

नुसत्या वर्णनावर मी खुर्चीसुद्धा करत नाही. तिन्ही गिटारी खाकी कागदावर आडव्या ठेव, कडेने पेन्सिल फिरव आणि ते आकार मला पाठव. वजनंही लिही. मी प्लायवूडमध्ये कापून तोल बघतो. तुझा खांदा लहानपणापासून नाजूक आहे, दप्तरसुद्धा मीच उचलायचो. हे फक्त तुझ्या खांद्यासाठी, बाकी काही अर्थ काढू नकोस.

काकूचे आशीर्वाद. तब्येतीला जप, आणि अक्षर सुधार.

काका

२५ फेब्रुवारी

ती. काकास सा. न. वि. वि.

सोबत तीन कागद, वजनं कोपऱ्यात लिहिली आहेत. दुकानाच्या फरशीवर मी गुडघे टेकून रेघा मारत होते आणि दुकानदार डोक्याला हात लावून बघत होता. शेवटी त्याने विचारलं की मी गिटार घेणार आहे की शिवणार आहे. मी म्हटलं, आमच्या घरात माप घेतल्याशिवाय काही होत नाही. तेव्हा तो पहिल्यांदा हसला.

मन अजून झोके खातंय. सोमवारी जाडी, मंगळवारी फळी. बुधवारी पोकळ वाजवून बघितली आणि शेजारच्या शिंप्याने मशीन थांबवून दार लावून घेतलं. म्हणून ती बाद. आता दोघींत तूच निवाडा कर.

तुझ्या सगळ्या आज्ञा पाळते, फक्त अक्षराचं तेवढं सोडून दे.

तुझी,
टिटवी

९ मार्च

चि. टिटवीस आशीर्वाद.

जाडी कापून झाली. मागे खिळ्यांची पिशवी बांधून वजन बरोबर केलं आणि तासभर गळ्यात अडकवून उभा राहिलो. उत्तम तोल आहे, पण पट्टा रुंद घे.

फळीचं मात्र बिनसलं. तू पेन्सिल इतकी दाबून फिरवलीस की रेघ कागदाच्या दोन्ही बाजूंना उमटली. मी कागद पालथा ठेवला आणि तसाच कापला. नुसता सपाट तुकडा असता तर उलटा करून घेतला असता, पण हात टेकायच्या कडेला उतार काढून झाला, मानेची पट्टी स्क्रूने बसली, आणि मग ध्यानात आलं की खाच भलत्याच बाजूला आहे. तीस वर्षांत पहिल्यांदा असं झालं. कुणाला सांगू नकोस. तो तुकडा फेकून दिला.

तेव्हा जाडी घे आणि विषय संपव.

काका

१२ मार्च

चि. टिटवीस काकूचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र काकांना न सांगता लिहिते आहे, तेव्हा वाचून पोटात ठेव. त्यांनी तुला तुकडा फेकल्याचं लिहिलं असेल. तो कपाटामागे आहे. केर काढताना मला सापडला, तर त्याला माझ्या जुन्या पर्सचा पट्टा लावलेला!

मग मी लक्ष ठेवलं. चहा झाला की हे कारखान्यात जातात आणि ती फळी मांडीवर घेतात. खाच खाली यावी म्हणून फिरवली की मान उजव्या हाताला येते. तशी धरून उजव्या हाताची बोटं त्या पट्टीवर चालवत बसतात. तार नाही, सूर नाही, नुसतं लाकूड. डाव्या हाताचा अंगठा हवेत हलत असतो. ती बोटं गेली तेव्हाही हे रडले नाहीत, पण परवा त्यांचे डोळे भरलेले मी दारातून पाहिले. मी आत गेले नाही.

मला यातलं काही कळत नाही. तुला कळत असेल तर काहीतरी कर, आणि लवकर कर.

तुझी,
काकू

४ एप्रिल

ती. काकास सा. न. वि. वि.

सोबत एक खोकं येतंय. ते काकूने नाही, तू उघडायचं. आत एक धड, एक मान, चार स्क्रू आणि तारांचं पाकीट आहे. कामच आहे, आणि कामाला तू कधी नाही म्हणत नाहीस. जोड घट्ट बसव. ढिला राहिला तर सूर हलेल आणि दोष सुताराला लागेल.

आता खरं सांगते. आमच्या धंद्यात समोरच्याचा उजवा जबडा आपल्याला डाव्या हाताला दिसतो. चार वर्षं रोज हेच बघून मला कळायला हवं होतं, पण तुझी चूक होईपर्यंत डोक्यात प्रकाश पडला नाही. तार दाबायला डावाच हात हवा असं कुणी सांगितलं? उजव्या हाताची पाचही बोटं शाबूत आहेत, आणि डाव्याचा अंगठा आणि तर्जनी मिळून तार छेडू शकतात. मी दुकानदाराला विचारलं. त्याने माळ्यावरून एक डावखुरी फळी काढली. सहा वर्षांपूर्वी कुणीतरी मागवली आणि न्यायलाच आलं नाही. धूळ पुसली, अँपला जोडली, तर आवाज खणखणीत. खाच बरोबर तुझ्या तुकड्यासारखी. तीच स्क्रू उघडून तुला पाठवलीय.

जाडी दुकानातच आहे. तिला सांगून आलेय की पुढच्या वर्षी येते. तोवर तुझी जुनी माझ्याकडे आहे आणि ती मला पुरते. यावरून भांडू नकोस. पेटीच्या झाकणातलं चित्र तू माझ्या जन्माआधीपासून बघतोयस.

काकूला रागावू नकोस. ती बिचारी काहीच बोलली नाही, लिहिलं फक्त.

तुझ्या मायेची आणि उत्तराची वाट पाहणारी,
टिटवी

२९ मे

चि. टिटवीस अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. पहिले आठ दिवस मी खोकं उघडलं नाही, तुम्हा दोघींवर चिडलो होतो. माझ्यावर दया केलेली मला चालत नाही. नवव्या दिवशी काकू म्हणाली की स्क्रू गंजतील. ते मला सहन होईना, म्हणून मान बसवली. मान बसवली तर तारा लावाव्याच लागल्या. तारा लावल्या तर सुरात आणाव्या लागल्या. तू मला चांगलं ओळखतेस, गधडे.

जोड बेमालूम बसलाय, मध्ये केस जाणार नाही. वाजवण्याचं मात्र विचारू नकोस. चाळीस वर्षांचं सगळं डोक्यात आहे आणि हातात काहीच नाही. उजवी बोटं पहिलीतल्या पोरांसारखी वाकडीतिकडी बसतात. टोकांना फोड आले, फुटले, आता कातडी जाड होतेय. तू नऊ वर्षांची असताना फोड दाखवून रडायचीस, तेव्हा मी हसायचो. त्याबद्दल आता माफी मागतो.

काल तीन सूर सलग नीट लागले. मी काकूला हाक मारली. ती कणकेच्या हाताने धावत आली, तिला वाटलं पुन्हा काहीतरी कापलं. मग ती तिथेच लाकडांच्या ढिगावर बसली आणि रडली. मीही रडलो. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

आता माझं ऐक. सुट्टी काढून ये आणि जुनी गिटार घेऊन ये. मला शिकवायला माणूस हवा आहे, आणि मला जे येत होतं ते सगळं तुझ्याकडे आहे. दोन खुर्च्या करून ठेवल्या आहेत. शेजारी ठेवल्या होत्या, सवयीने. मग ध्यानात आलं आणि समोरासमोर मांडल्या. तू आता समोर बस. तू डावीकडे बोट ठेवलंस की मी उजवीकडे ठेवीन, आरशात बघून ठेवावं तसं. आता तुझं बघून मला काहीच उलटं धरावं लागणार नाही.

वाट पाहतो.

तुझा विद्यार्थी,
काका