पंचेचाळीस दिवस स्पार्टा, पंचेचाळीस दिवस अथेन्स

नावन, आयर्लंड,
२ मार्च २०२५

ति. स्वरूप यांस,
शारदेचा सा. न. वि. वि.

मी सुखरूप पोचल्याचं वृंदाने शेजारच्या अभिजितच्या फोनवर कळवलंच आहे. तो बिचारा तुमच्या कानात ओरडला असेल. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि लेकीसमोर ओरडून मनातलं बोलता येत नाही, म्हणून हे पत्र. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. भिंग घेऊन सावकाश वाचा.

तुमच्या लेकीच्या घरात शिस्त इतकी, की मोठ्याने शिंकायचीही भीती वाटते. फ्रिजवर तक्ता लावलाय. रेवाचा पियानो, रेवाचं पोहणं, गणिताची शिकवणी, कचऱ्याचा कुठला डबा कुठल्या वारी बाहेर ठेवायचा, सगळं त्यात. माझाही रकाना आहे. साडेपाचला हरीशरावांचा डबा, कारण त्यांची डब्लिनची बस सहाची. मग रेवाचा नाश्ता, धुणं, संध्याकाळचा स्वयंपाक. वृंदा हॉस्पिटलच्या लॅबमधून येते ती इतकी दमून येते, की तिला काही म्हणवत नाही. गप्पा मारायचा रकाना कुठे गं, म्हणून मी चेष्टा केली. ती हसली नाही. जावई मात्र गरीब. काहीही विचारा, ग्रँड म्हणतात, म्हणजे छान. काल आमटीत मीठ दोनदा पडलं, तरी ग्रँड.

एक गोष्ट मनाला लागली. वृंदाने कॅलेंडरवर माझे दिवस रंगवलेत. पंचेचाळीस निळे इथले, पंचेचाळीस हिरवे तिच्या भावाकडचे, मकरंदकडचे. म्हणजे २० मेपर्यंत! आपलं ५ मेला परतायचं ठरलं होतं, १२ तारखेला तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन म्हणून. विचारलं तर म्हणाली, व्हिसा नव्वद दिवसांचा मिळालाय तर फुकट कशाला घालवायचा. निघताना तिकिटावरची तारीख मी बघितली नाही, ही माझीच चूक. बदलून घेईन. मोतीबिंदूनंतरचे थेंब मीच घालणार, दुसऱ्या कुणाला डोळ्याला हात लावू द्यायचा नाही.

रेवाला शाळेत मोठा प्रकल्प आहे : अथेन्स बरं की स्पार्टा. ती इंग्रजीत विचारते, मी मराठीत सांगते, आमचं छान चालतं. तुम्ही चौतीस वर्षं हेच शिकवलंत असं मी तिला सांगितलंय, तेव्हा माझी लाज राखा आणि सविस्तर लिहा.

लोभ आहेच, तो गरम जेवणाच्या रूपाने स्वतःवरही करावा.

आपली,
शारदा


कऱ्हाड,
१६ मार्च २०२५

चि. सौ. शारदेस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. भिंगाने दोनदा वाचलं. इकडे सर्व क्षेम. खानावळीचा डबा येतो, त्यातल्या पोळ्या चामड्याच्या असतात. चहाची पावडर नेमकी कुठल्या डब्यात ठेवलीस? चार दिवस कॉफीवर काढले.

रेवाचा प्रश्न वाचून वर्गात उभा राहिल्यासारखं वाटलं. तिला सांग, स्पार्टा म्हणजे छावणी. सातव्या वर्षी मुलगा आईच्या हातून काढून घ्यायचे आणि सैनिक करायचे. कविता नाही, तत्त्वज्ञान नाही. अथेन्स म्हणजे भर सभेत उभं राहून मत मांडायचं स्वातंत्र्य, हात वर करून निर्णय. नाटकं तिथे, शिल्प तिथे. स्पार्टाच्या बाजूने एक मुद्दा जरूर लिहावा : तिथल्या बायका जमिनीच्या मालक होत्या आणि मोकळ्या हिंडत. अथेन्सच्या बायका घरातच. तरीही निकाल अथेन्सच्या बाजूने. आपल्या शाळेत दर वर्षी हा वादविवाद रंगायचा, तुला आठवत असेल.

तिकिटाचं शांतपणे बोल. वृंदाशी वाद घालू नकोस, ती लहानपणापासून हट्टी.

प्रकृतीस जपावे, आणि नातीला या म्हाताऱ्या मास्तरचे आशीर्वाद सांगावेत.

तुझा,
श्रीराम


डून लेरी,
१० एप्रिल २०२५

ति. स्वरूप यांस,
शारदेचा सा. न. वि. वि.

चहाची पावडर स्टीलच्या उंच डब्यात आहे, दुसऱ्या फळीवर. तीस वर्षं तिथेच आहे.

रविवारी हिरवे दिवस सुरू झाले. आधी चार दिवस बहीणभावांत फोनवर जुंपली होती, मला शनिवारी आणायचं की रविवारी, आणि मधला दिवस कुणाच्या खात्यात. शेवटी हरीशरावांनी आणून सोडलं. इथे समोर समुद्र आहे. मकरंद पहाटे गाडी काढून चेरीवूडच्या ऑफिसला जातो, पण संध्याकाळी सगळे एकत्र जेवतात आणि जेवताना हरेक गोष्टीची चर्चा होते. पडदे कुठले, सुट्टीत कुठे जायचं, देव आहे का. नऊ वर्षांच्या तन्मयलाही मत आहे आणि ते ऐकून घेतात. पहिल्या दिवशी मला वाटलं, हेच तुमचं अथेन्स!

सूनबाई गुंजनने घरगुती जेवणाच्या ऑर्डरी घ्यायला सुरुवात केली आहे. दर रविवारी पुरणपोळ्या असतात. डब्यांवर 'आज्जीचं स्वयंपाकघर' असं लेबल आहे आणि चष्मा घातलेल्या एका हसऱ्या म्हातारीचं चित्र. पुरण शिजवायला, वाटायला आणि लाटायला मी. हसायला ती चित्रातली.

काल तिकिटाचं काढलं. शांतपणे, तुम्ही म्हणालात तसं. मकरंद म्हणाला, आपण सगळे मिळून ठरवू. दोघांना १० मेपासून आठ दिवस लिस्बनला जायचंय, तन्मयला कुणीतरी हवं. वृंदालाही फोनवर घेतलं. मी पोळ्यांपाशी होते, एक तव्यावर, एक पोळपाटावर. आतून हसण्याचा आवाज येत होता. मग तन्मय धावत आला आणि आपल्या इंग्रजीत म्हणाला, आज्जी, सगळ्यांनी तुझ्यासाठी हात वर केले, तू जिंकलीस, तू २० तारखेपर्यंत राहणार. लेकराने मला मिठी मारली. मी पिठाचे हात वर धरून उभी राहिले.

नावनला कुणी कुणाला विचारत नाही. इथे सगळ्यांना विचारतात, मला सोडून. रागाने नुसती आग होतेय. पण तुमचं ऑपरेशन १२ तारखेला आहे म्हटल्यावर मी थांबणार नाही. तुम्ही फक्त एक करा, अभिजितच्या फोनवरून मकरंदला ठणकावून सांगा, की मला ती इथे हवी आहे. तुमच्या शब्दाबाहेर तो नाही.

रेवाने प्रकल्पासाठी फोनवर विचारलंय, तिथे स्वयंपाक कोण करायचं, शेत कोण कसायचं? दोन्हीकडे? लगेच कळवा.

तुमच्या एका शब्दाची वाट बघते आहे.

आपली,
शारदा


कऱ्हाड,
२३ एप्रिल २०२५

चि. सौ. शारदेस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

नात मोठी चौकस निघाली! स्पार्टात शेतं हेलट कसत. जिंकलेल्या मुलखातले लोक ते, जमिनीला बांधलेले. स्पार्टाचे अधिकारी दर वर्षी त्यांच्याविरुद्ध रीतसर युद्ध पुकारत, म्हणजे एखाद्याला मारलं तरी पाप लागत नसे. अथेन्समध्ये घरोघर गुलाम, शिवाय चांदीच्या खाणींत हजारो. सभेत त्यांना आणि बायकांना जागा नव्हती. पण हे परीक्षेला फारसं येत नाही, रेवाने मुख्य मुद्दा सोडू नये.

तुझं पत्र यायच्या आधीच मकरंदचा निरोप अभिजितकडे आला होता. मी लगोलग होकार कळवला. ऑपरेशन जूनमध्ये ढकललं आहे. भर उन्हाळ्यात डोळ्याचं काम नको असं इथेही म्हणतात. तुलाही नातवंडांत राहायला मिळेल. मुलांनी एवढ्या प्रेमाने ठेवून घेतलंय, मोडता घालू नये.

चहा सापडला. आनंदाने राहावे.

तुझा,
श्रीराम


चिपळूण,
११ मे २०२५

श्री. श्रीराम यांस,
स. न. वि. वि.

साष्टांग घालायला आता कंबर उरली नाही, नमस्कारावर भागवून घ्या.

वर गाव वाचून दचकला असाल. मी बहिणीकडे, लताकडे आले आहे. कसं ते सांगते.

मंगळवारी रेवाच्या शाळेत मुलांचे प्रकल्प मांडले होते. दोन्ही घरं झाडून गेली. रेवाच्या तक्त्यावर डावीकडे स्पार्टा, त्यात वृंदाच्या फ्रिजवरचा तक्ता हुबेहूब काढलेला. उजवीकडे अथेन्स, तन्मयकडून ऐकलेलं मकरंदचं जेवणाचं टेबल आणि वर झालेले हात. खाली दोन्हीकडे एकच चित्र. साडीवर स्वेटर, अंबाडा, सिंककडे तोंड, आपल्याकडे पाठ. त्याखाली तिने काय लिहिलंय ते हरीशरावांनी मला वाचून दाखवलं. दोन्ही ठिकाणी काम कुणी केलं? त्यांना कुणी विचारलं? बाईंनी वृंदाला मुद्दाम बोलावून सांगितलं, की वर्गात इतका विचार दुसऱ्या कुणी केला नाही.

बाहेर गाड्यांपाशी आलो आणि माझ्या एका दिवसावरून भांडणारी आपली दोन मुलं एक झाली. माझ्यावर. मी पोरीचे कान भरले, घरातलं चव्हाट्यावर आणलं. गुंजन रडायला लागली, लेबल तर आदरानेच लावलं होतं म्हणाली. वृंदा म्हणाली, आई, तुला काय कमी केलं आम्ही? पावसाची भुरभुर चालू होती. रेवा माझा हात धरून उभी होती. मी म्हटलं, मी तिला काही शिकवलं नाही, तिला डोळे आहेत. आणि माझं तिकीट बदला. हरीशरावांनी तिथेच गाडीत बसून फोनवर शुक्रवारचं तिकीट केलं. ग्रँड म्हणाले नाहीत. सॉरी म्हणाले.

मुलांचं मी समजू शकते. मीच वाढवलीत. ताट हातात, पाणी हातात, त्यांना सवय मीच लावली. पण तुमचं २३ तारखेचं पत्र मी त्या दिवशी पर्समध्ये घेऊन फिरत होते. मी तुमच्याकडे एक शब्द मागितला होता. तुम्ही तो माझ्याआधी त्यांना देऊन टाकलात, आणि वर मला कळवलंत की मला आनंद झाला आहे.

दर वर्षी तुमचा तो वादविवाद आपल्याच बाहेरच्या खोलीत ठरायचा. अथेन्सची पोरं खिडकीपाशी, स्पार्टाची दाराशी. मी दोघांना पोहे करायचे. चौतीस वर्षांत तुम्ही एकदाही आत येऊन म्हणाला नाहीत, की शारदा, तुला काय वाटतं? विमानतळावर रेवाने विचारलं, आज्जी, तू दोन्हींतल्या कुठे राहिली असतीस? मला उत्तर आलं नाही. आपलं कऱ्हाडचं घर आठवलं, तिथलंही आलं नाही. म्हणून मुंबईला उतरून इकडची गाडी धरली.

उद्या १२ तारीख. मी उद्या तुमच्याजवळ असते. लता चहा करते आणि कपबशी माझ्या हातात देते. मी इथे किती दिवस आहे, ते कुणी रंगवलेलं नाही.

थेंब दिवसातून सहा वेळा घालायचे असतात, आधी हात साबणाने धुवायचे. अभिजितला सांगून ठेवा.

शारदा


कऱ्हाड,
१५ मे २०२५

सौ. शारदा,
स. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. भिंग बाजूला ठेवूनही वाचता आलं असतं, इतकं मोठं लिहिलं आहेस.

माळ्यावरून जुन्या टिपणांची वही काढली. अथेन्सवर अकरा पानं, स्पार्टावर सात. हेलट एका ओळीत, आणि त्यापुढे लाल शाईने माझ्याच अक्षरात : वगळणे. मला लाज वाटली. याहून चांगला शब्द शोधला, मिळाला नाही.

काल दवाखान्यात जाऊन ऑपरेशनची तारीख घेतली, २६ मे. मुलांना कळवलेलं नाही. चहा मी करतो, बरा होत नाही.

दवाखान्यातल्या बाईंनी फॉर्म भरताना विचारलं, सोबत कोण राहणार, पत्नी ना? पेन टेकवून लिहायलाच लागल्या होत्या. मी त्यांना थांबवलं. म्हटलं, विचारून सांगतो.

उत्तर नाही असलं तरी चालेल, पण कळव.

श्रीराम