कर्नल रस्टचे तीन बुडबुडे

मी, नेथन वोलिन्स्की, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, राहणार ॲस्टोरिया, क्वीन्स, न्यूयॉर्क, व्यवसाय सुपरहिरोंच्या चित्रकथांवर शाई चढवणे (आता बंद), हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे, नजर अधू आहे आणि स्वभाव पहिल्यापासून वाईट आहे. याआधीची दोन्ही मृत्युपत्रे मी रागाच्या भरात केली होती, ती रद्द समजावीत. हे मत्सरापोटी केले आहे, पण विचार करून.

कलम १. राहता फ्लॅट, सामानासह, माझी भाची मिरिअम हिला द्यावा. या मृत्युपत्राची व्यवस्थापकही तीच. स्वयंपाकघरातला नळ गळतो. तो गळतो हे तिने मला वीस वेळा सांगितले आहे, आता तिनेच दुरुस्त करून घ्यावा.

कलम २. माझे ब्रश कोपऱ्यावरच्या चित्रशाळेला द्यावेत. मुलांना सांगावे, टोक पाण्याने आणा, जिभेने नको. मी जन्मभर जिभेने आणले. माझ्या बोलण्यात शाई आहे असे लोक म्हणतात, ती तिथूनच आली असावी.

कलम ३. चित्रकथांच्या संमेलनांतून मिळालेली चार मानचिन्हे कोणालाही देऊ नयेत. त्यांवर 'ब्रिजमनला कणा देणारा' असे कोरले आहे. ती मोडीत घालावीत. कारण कलम ४ मध्ये आहे.

कलम ४. ब्रिजमन हा हिरो डॉमिनिक ट्राव्हेलीचा. डॉम पेन्सिलीने काढायचा, त्यावर मी शाई फिरवायचो, आणि संवादांच्या फुग्यांतली अक्षरे रोझलिन लिहायची. नाव डॉमचे व्हायचे. वाचकांची पत्रे त्यालाच यायची, आणि पुढे रोझलिननेही त्याच्याशीच लग्न केले. माझ्या पोटात दुखायचे, हे आता लपवून उपयोग नाही. डॉम भला माणूस होता, म्हणून जास्तच दुखायचे. सतरा वर्षे मी त्याला पाण्यात पाहत होतो आणि रोज सकाळी त्याच्यासाठी कॉफी आणत होतो.

ब्रिजमनचा एकच नियम होता: 'माझ्या पुलाखाली कोणी बुडत नाही.' तो बदडायचा, बांधायचा, पण मारायचा नाही. १९८३ सालच्या एकशे बाराव्या अंकात कर्नल रस्ट हा खलनायक त्याच्या हातून निसटून नदीत पडतो. शेवटच्या चित्रात डॉमने नुसते पाणी काढले, आणि त्यावर तीन बुडबुडे. म्हणजे रस्ट जिवंत आहे, आता ब्रिजमन उडी घेणार.

मी ते तीनही बुडबुडे शाईने नीट गिरवले. मग शेजारच्या खोलीत डॉम काहीतरी बोलला आणि रोझलिन खळखळून हसली. माझ्या कुठल्याही विनोदावर ती तशी हसली नव्हती. मी पांढऱ्या रंगाची बाटली उघडली आणि बुडबुडे त्याखाली झाकून टाकले. त्या क्षणी मला डॉमला बुडवायचे होते. त्याचा सज्जन हिरो खुनी ठरावा आणि वाचकांनी त्याच्या दारावर दगड मारावेत, एवढीच माझी इच्छा होती.

घडले भलतेच. अंक हातोहात खपला. ओहायोच्या एका अग्निशामक जवानाने लिहिले, "शाब्बास! एकदाचा संपवला हरामखोराला!" गोणीभर पत्रे तशीच होती. लोकांना हिरोने मारलेले का आवडते यावर हल्ली विद्वान लेख लिहितात. मला विचारा. वाचताना प्रत्येकाच्या मनात आपापला एक माणूस असतो, आणि हात हिरोचा असल्यामुळे आपला स्वच्छ राहतो. माझ्याही मनात एक होताच.

एकच पत्र वेगळे होते, डुलुथच्या नऊ वर्षांच्या मुलीचे. "माझा भाऊ चोरी करून तुरुंगात आहे. तो सुटून आला की ब्रिजमन त्यालाही बुडवील का?"

ते पत्र हातात धरून डॉम माझ्या टेबलापाशी आला. त्या आठवड्यात त्याची आई इस्पितळात होती, पाने त्याने तिच्या उशाशी बसून काढली होती.

"नेट, खरं सांग. मी बुडबुडे काढले होते ना रे?"

"पेन्सिलीत तर काही नव्हतं बाबा," मी म्हणालो.

"म्हणजे विसरलो मी. माणूस बुडवला आणि विसरलो."

त्याने ब्रिजमन पुन्हा कधी काढला नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाला, बे रिजला, चपला-बुटांचे दुकान टाकले. मालिका माझ्याकडे आली, आयत्या बिळावर नागोबा. मी ब्रिजमनच्या हातून आणखी एकसष्ट जण मारवले आणि टाळ्या घेतल्या. तरीही संमेलनात पोरे जवळ येऊन विचारतात, "ट्राव्हेलींच्या वेळचा एखादा अंक आहे का हो?" अजून जळतो मी.

कलम ५. छपाईनंतर मूळ पाने चित्रकार आणि शाईवाला यांच्यात वाटली जात. एकशे बाराव्या अंकाचे मुखपृष्ठ डॉमला देऊन मी बुडबुड्यांचे पान मागून घेतले होते. 'नेट मनाने मोठा आहे,' असे तो तेव्हा सगळ्यांना सांगत सुटला. ते पान कपाटाच्या वरच्या फळीवर आहे. माझ्या मृत्यूनंतर ते डॉमिनिक ट्राव्हेलीला द्यावे. शेवटच्या चित्रात उजव्या कोपऱ्यात पांढरा रंग आहे, तो त्याने अंगठ्याच्या नखाने खरवडावा. मी जिवंत असताना देऊ नये. त्याचा आनंदलेला चेहरा मला बघवणार नाही.

स्थळ: ॲस्टोरिया, क्वीन्स. दिनांक १४ ऑक्टोबर २०१४.
सही: नेथन वोलिन्स्की
साक्षीदार: १. स्टॅव्हरोस कालिवास, न्हावी, तळमजला. २. ओडेट लाफ्लर, शेजारीण.
(साक्षीदारांनी मजकूर वाचलेला नाही, फक्त सही पाहिली आहे.)

पुरवणी, त्याच दिवशी, दुपारी. स्टॅव्हरोसने मजकूर वाचला. वाचणार नाही असे कबूल करून वाचला. एकशे बारावा अंक त्याने लहानपणी जपून ठेवला होता म्हणे.

"म्हणजे रस्ट मेलाच नव्हता?"

"नव्हता."

"आणि तुझा मित्र किती वर्षांचा?"

"एक्क्याऐंशी."

"मग म्हाताऱ्या, तो तुझ्याआधी गेला तर?"

सबब कलम ५ मधील 'माझ्या मृत्यूनंतर' हे शब्द आणि शेवटची दोन वाक्ये मी खोडत आहे. पान मी स्वतः घेऊन निघालो आहे, स्टॅव्हरोस खाली गाडी काढतो आहे. रोझलिनने दार लावून घेतले तर पान उंबऱ्यावर ठेवीन. उघडले तर डॉमने तिसरा बुडबुडा खरवडेपर्यंत तिथे उभा राहीन, आणि त्याचा चेहरा बघीन.

सही: नेथन वोलिन्स्की
साक्षीदार: १. स्टॅव्हरोस कालिवास. २. ओडेट लाफ्लर.
(या वेळी दोघांनी वाचून सही केली.)