पावडरीचा डबा वच्छलेला देण्याबाबत

मी, मनकर्णाबाई भ्रतार वामनराव खर्चे, वय अंदाजे बावन्न, राहणार मौजे कोळखेड, तालुका मलकापूर, कुणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवते. नागपूरच्या दवाखान्यात छातीची डावी बाजू काढून आल्यामुळे माझे वजन थोडे घटले आहे. अक्कल पूर्वीइतकीच आहे. ती किती, हे यजमानांना विचारू नये.

१. माझ्या नावचे विहिरीजवळचे शेत मुलगा इंद्रभान याचे. म्हैसही त्याचीच, कारण ती दुसऱ्या कुणाला जवळ येऊ देत नाही.

२. गळ्यातली सोन्याची एकदाणी सून सिंधूची. सहा महिने तरी घालावी, मग मोडावी.

३. आता डबा. वाटणीच्या वेळी कपाशीवर मारायच्या डीडीटीचा रिकामा डबा मी उचलला, म्हणून धाकटी जाऊ वच्छलाबाई अकरा वर्षे माझ्यावर रुसली आहे. झाकण इतके घट्ट की मुंगी शिरत नसे. राखेने तीनदा घासला, वास गेला, म्हणजे विषही गेले असे मी धरले आणि त्यात तूप ठेवले. दवाखान्यात भेटायला आली तेव्हाही तिने विचारलेच, "बाई, आता तो डबा मले द्या. माह्या पोरीच्या, विमलच्या बाळंतपणाचं तूप ठेवाले कामी येईन." मी हो म्हटले.

दुसऱ्याच दिवशी डॉक्टरीणबाईंनी सांगितले, ती पावडर तुपात, अंगातल्या चरबीत, आईच्या दुधातही उतरते. बाईच्या अंगातल्या रसांचे काम ती बिघडवते, असे परदेशात जनावरांवर दिसू लागले आहे. माझे दुखणे त्यानेच आले असे त्या लिहून देत नाहीत. मलाही लिहून नको. आम्ही दोघी जावांनी ती फडक्यात बांधून, नाकाला पदर लावून, किती ओळींवर झटकली ते मला ठाऊक आहे.

सबब, शब्द मोडत नाही. डबा वच्छलाबाईलाच. अट एकच: तिने स्वतःच्या हाताने तळाला खिळ्याने भोके पाडावीत आणि इंद्रभानने तो विहिरीपासून लांब पुरावा. तुपासाठी माझा कल्हईचा पितळी डबा विमलला. रुसवा हवा तर पुढे चालू ठेवावा.

४. मी गाठ लाजून आठ महिने लपवली. वच्छले, तू माझ्याच शेजारच्या ओळीत होतीस. आंघोळीच्या वेळी हात फिरवून पाहत जा. काही लागले तर कारण न सांगता इंद्रभानला गाडी जुंपायला सांग, त्याच दिवशी. मला तिकडे तुझी सोबत इतक्यात नको आहे.

साक्षीदार: गुलाबराव तायडे, सोजराबाई झांबरे. वच्छलाबाईस डबा मिळत असल्याने तिची सही घेतलेली नाही.

सही: मनकर्णाबाई खर्चे
मौजे कोळखेड, दि. ९ ऑक्टोबर १९७३