राहून गेलेला मजला

मी, खाली सही करणार, धंद्याने पाट्या रंगवणारा पेंटर, वय त्रेपन्न, शाळा सातवीपर्यंत व पुढचे सर्व स्वतः वाचून शिकलेला, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि स्वहस्ते लिहीत आहे. दबाव कोणाचाही नाही. पत्नी समोर बसली आहे, पण अजून बोललेली नाही. डोके ठिकाणावर आहे. हृदयाचे कलम तीनमध्ये.

१. तिसऱ्या मजल्यावरचे राहते घर, भांड्याकुंड्यांसह, पत्नीला. ते तिचेच आहे, कागदावर आणतो एवढेच.

२. तळमजल्यावरचे दुकान, ब्रश, रंग व अक्षरांचे साचे मुलीला. तिचा 'क्ष' माझ्यापेक्षा चांगला येतो. हे मी तोंडाने म्हणणार नाही, म्हणून इथे लिहितो.

३. हे दुकान आज देण्यासाठी शिल्लक कसे, ते वारसांना माहीत असावे. माझ्या हृदयाचा स्नायू जाड झाला असून ठोका बिघडून अचानक जीव जाण्याचा धोका होता. छातीत यंत्र बसवणे भाग होते. इस्पितळातल्या तरुण डॉक्टरने विचारले, "धाप कधीपासून लागते?" मी म्हणालो, "पहिल्यापासून." आमच्या घरात 'मजला' हा शब्द कोणी उच्चारत नाही; तिसऱ्यावरचा नळ, दुसऱ्यावरची मांजर, असेच बोलतो. पूर्वी थेट घरापर्यंत काही होत नसे, आता पहिल्यापासूनच धाप लागे. त्याने शब्दाला शब्द लिहून घेतला. विमा कंपनीने कळवले : आजार पॉलिसीच्या आधीचा, खर्च नामंजूर. म्हणजे दुकान विकल्याशिवाय यंत्र नाही.

पत्नी कंपनीत गेली. साहेब म्हणाले, "काकू, इथे स्पष्ट लिहिलंय, धाप पहिल्यापासून."

"मग मी कुठं खोटं म्हणतेय? फक्त मजला राहिलाय."

"मजला?"

"अहो, जिना चढताना! जन्मापासून धाप लागत असती तर हा माणूस आयुष्यभर शिडीवर चढून पाट्या रंगवत बसला असता का?"

डॉक्टरने दुरुस्तीचे पत्र दिले. पॉलिसी देताना कंपनीनेच केलेली तपासणी स्वच्छ निघालेली होती, तीही मुलीने समोर ठेवली. खर्च मंजूर झाला. फोनवर पत्नी एवढेच म्हणाली, "झालं. आता झोपा." मी खरोखर झोपलो. चूक डॉक्टरच्या कानाची, असे माझे मत आहे. पत्नीचे मत वेगळे असून ते तिने अख्ख्या जिन्याला सांगितले आहे.

४. चुलतभावाला त्याची स्वतःची मोजपट्टी. मी इस्पितळात असताना तो दुकानात येऊन मुलीला म्हणाला, "तुझे बाबा बरे होऊ देत गं, मी आपली सहज मापं घेतो." मंजुरीची बातमी कळताच तो इतक्या घाईने गेला की पट्टी गल्ल्यावरच राहिली. ती त्याने न्यावी. आल्यावर चहा मिळेल.

५. छातीतले यंत्र अंत्यविधीपूर्वी डॉक्टरांकडून काढून घ्यावे. आत बॅटरी आहे, आगीत फुटते. रडारडीत हे विसरू नये.

६. स्नायूचा हा जाडपणा रक्तातून पुढे जाऊ शकतो. मुलीची तपासणी झाली. मोठ्या डॉक्टरीणबाई अहवाल वाचत होत्या तेव्हा मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहूच शकलो नाही, टेबलाच्या कडेचा उडालेला रंग पाहत राहिलो. "हिला नाही," त्या म्हणाल्या. तेव्हा ही एक वडिलोपार्जित मालमत्ता मी कोणालाच देत नाही, बरोबर नेतो.

७. शिडीबाबत : ती सध्या मला चढू देत नाहीत, तरीही

पत्नी आत्ता बोलली. "मरायचं मागाहून बघा हो, खाली गिऱ्हाईक कधीचं थांबलंय." सबब सातवे कलम अपुरे ठेवून, साक्षीदारांसमक्ष सही करतो आणि दुकानात जातो.

सही : पेंटर

साक्षीदार :
१. शेजारच्या गाळ्यातला कुलूपवाला
२. निवृत्त टपालकाका (चष्मा लावून, पूर्ण वाचून)

स्थळ : राहते घर, जेवणाचे टेबल
दिनांक : ९ फेब्रुवारी, सकाळ